‘चूक माझीच होती मॅडम’: कंपनीत बोट गेलं, आता क्लेम करू की गप्प बसू?

कंपनीत हाताला लागलं, दवाखान्याचा खर्च मालकाने केला, आता ईएसआयला (कामगार राज्य विमा, पगारातून कापला जाणारा सरकारी विमा) क्लेम टाकला तर नोकरी जाईल का, आणि चूक आपलीच असेल तर काही मिळतं का? भोसरी-चाकण पट्ट्यात कामगारांसोबत समुपदेशनाचं काम करते त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, कधी कामगार स्वतः विचारतो, कधी त्याची बायको, कधी गावाकडनं सासऱ्यांचा फोन येतो. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर एकदम सरळ आहे, मिळतं. पहिल्या अर्ध्याचं तितकं सरळ नाही. एका केसवरून सांगते, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात, त्याला विचारूनच लिहितेय.

गणेश म्हणू. वय २६, मूळचा परभणीकडचा, ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून पार्ट काढणारं मशीन). कागदावर हेल्पर, प्रत्यक्षात ऑपरेटर, हे आपल्याकडे सर्रास चालतं. रात्रपाळीत पार्ट डायमध्ये (साच्यात) अडकला म्हणून हाताने काढायला गेला आणि प्रेस खाली आली. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं.

माझ्याकडे आला तेव्हा अपघाताला महिना होऊन गेला होता. म्हणजे आला कसला, बायकोने ओढून आणला. हात पूर्ण वेळ शर्टाच्या टोकाखाली. मी पाणी दिलं तर डाव्या हाताने घेतलं. बायको म्हणाली, "जेवत नाहीत, रात्री दचकून उठतात, मुलीला उचलून घेत नाहीत." तो काहीच बोलेना. बऱ्याच वेळाने बोलला ते एवढंच, "चूक माझीच होती मॅडम. सेन्सर बंद होता माहिती होतं तरी हात घातला."

आता हे वाक्य नीट बघा. सेन्सर बंद होता हे त्याला माहीत होतं, पण बंद कोणी केला? सेन्सर चालू असला की हात जवळ गेला की मशीन थांबतं, मशीन थांबलं की नग कमी निघतात, म्हणून रात्रपाळीला तो बायपास करून ठेवलेला असायचा आणि हे सुपरवायझरपासून सगळ्यांना माहीत होतं. गणेश सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन बसला होता. माझ्या अनुभवात क्लेम न करण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, मालकाची भीती त्याच्या खालोखाल. माणसाला मनातून वाटतं की आपण चुकलो तर मागायचं कुठल्या तोंडाने. मी त्याला म्हणलं गणेशदादा (वयाने लहान असला तरी वस्तीत दादाच म्हणायची पद्धत आहे), हा विमा आहे, तुमच्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, १५ हजार पगारावर तुमचे ११३ रुपये जातात, पे स्लिपवर बघा. ते पैसे आधीच भरलेत. यात चूक कोणाची हे विचारत नाहीत, काम करताना झालं का एवढंच बघतात. कायद्यात तर इतकं स्पष्ट आहे की कामगाराने मालकाचा नियम किंवा सूचना मोडली असली तरी, ते मालकाच्याच कामासाठी करत असेल तर तो कामावरचाच अपघात धरतात.

यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली. बायको मात्र लगेच म्हणाली, "पण मग कंपनीवाले असं का म्हणाले?"

कंपनीवाले काय म्हणाले ते ऐका. अपघात झाल्यावर सुपरवायझरने कंपनीच्या गाडीतून खाजगी हॉस्पिटलला नेलं आणि वाटेत सांगितलं की डॉक्टरांना सांग घरी लोखंडी दारात बोटं सापडली, नाहीतर पोलीस केस होईल, तूच अडकशील, खर्च आम्ही बघतो, ईएसआयच्या भानगडीत पडू नको. रक्त गळतंय अशा अवस्थेत माणूस काय बोलणार, हो म्हणाला. डिस्चार्ज कार्डवर तेच लिहिलं गेलं. कंपनीने बिल भरलं, पहिल्या महिन्यात १० हजार हातात दिले, वर एका स्टॅम्प पेपरवर "माझी काही तक्रार नाही" अशी सही घेतली, आणि त्यानंतर ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं.

हे असं का करतात हेही सांगते, सगळे मालक राक्षस असतात असं मला म्हणायचं नाहीये. अपघात कळवला की फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊ शकतो, सेन्सरचं विचारतो, ठेकेदाराकडचे किती लोक कागदावर आहेत ते निघतं. मोठ्या कंपनीची ऑर्डर जाईल ही धास्ती असते. काही ठिकाणी तर माणसाचं ईएसआयचं नाव अपघात झाल्यावर नोंदवतात. म्हणून पहिलं काम, आपला आयपी नंबर (ईएसआयमधला आपला विमा नंबर) आहे का आणि नोंदणीची तारीख काय हे बघायचं. उमंग ॲपवर दिसतं. गणेशचा नंबर होता, आधीपासूनचा होता, पण कार्ड त्याला कधी दिलंच नव्हतं! कामावर लागल्याच्या पहिल्या दिवसापासून कामावरच्या अपघाताला संरक्षण असतं, त्याला अमुक महिने भरले पाहिजेत अशी अट नाही, हे लोकांना अजिबात माहीत नसतं.

पहिल्या भेटीत मी फॉर्म वगैरे काढलाच नाही. त्याला रात्री गेलेलं बोट दुखायचं, म्हणजे जे पेर जागेवरच नाही तिथे खाज यायची, मुंग्या यायच्या, आणि हे कोणाला सांगितलं तर वेडा म्हणतील म्हणून गप्प होता. हे खूप जणांना होतं, मेंदूतला बोटाचा नकाशा लगेच पुसला जात नाही. हे ऐकून त्याला जो धीर आला तो बाकी कशाने आला नाही. एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंकडे पाठवलं, त्यांनी उरलेल्या टोकाला आधी कापूस, मग टॉवेल घासायला लावलं, आणि मग घरी पातेल्यात ज्वारी घेऊन त्यात हात घालून दाणे मुठीत धरायचे, सोडायचे, रोज. त्याची मुलगी शेजारी बसून दाणे मोजायची म्हणे. मूठ वळायला लागली, आणि मग तिला उचलून घेणंही आपोआप सुरू झालं, त्यावर वेगळं काही बोलावं लागलं नाही.

मग कागद. इथे लोक घाबरतात कारण अपघाताचा रिपोर्ट भरायचं काम मालकाचं असतं, त्याने भरलाच नाही तर आपण काय करणार असं वाटतं. पण मालकाने भरला नाही म्हणून क्लेम मरत नाही. कामगार स्वतः अपघाताची माहिती लेखी देऊ शकतो आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयात साध्या कागदावर अर्ज करू शकतो, तिथला मॅनेजर चौकशी लावतो. आम्ही जमवलं ते असं: पे स्लिप, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, त्या रात्रीची हजेरी, आणि सगळ्यात कामाला आला शिफ्टचा व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात सुपरवायझरनेच रात्री टाकलं होतं की प्रेस बंद ठेवा, गणेशला दवाखान्यात नेतोय. त्याचा स्क्रीनशॉट गणेशच्या मित्राकडे होता. गणेशला ग्रुपमधून दुसऱ्या दिवशी काढलं होतं. त्यामुळे सांगतेय, अपघात झाला की नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी असले मेसेज, फोटो जपून ठेवा, आणि दवाखान्यात खरं सांगा, केसपेपरवर पहिलं काय लिहिलं जातं त्याला फार वजन असतं.

दाराची जी गोष्ट डिस्चार्ज कार्डवर होती तिची गणेशला फार लाज वाटत होती. शाखेत विचारणारच, तेव्हा खोटं का बोललात? आम्ही माझ्या टेबलावर त्याची तयारी केली, मी साहेब झाले, तो उत्तर द्यायचा. पहिल्यांदा अडखळला, मग रडला, मग नीट सांगितलं. प्रत्यक्ष चौकशीत त्याने जसं घडलं तसं सांगितलं, मित्रानेही जबाब दिला (त्या मित्राचं खरं कौतुक, तो अजून तिथेच कामाला होता), आणि काही महिन्यांनी अपघात कामावरचा म्हणून मंजूर झाला. स्टॅम्प पेपरचा विषयही कोणी काढला नाही, असल्या कागदाने कायद्यातला हक्क जात नाही.

पैशाचं आता. बरा होईपर्यंत जो काळ कामावर जाता येत नाही त्याला सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस तरी काम बंद राहिलेलं पाहिजे. गणेशचा रोज ५०० धरला तर ४५०. पण हे ईएसआयच्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर मिळतं, म्हणून खाजगीत ऑपरेशन झालं असलं तरी लवकरात लवकर ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन नाव घाला. गणेशचे सुरुवातीचे आठवडे याच कारणाने लोंबकळले, खाजगी हॉस्पिटलचे कागद पुरावा म्हणून दिले, त्यातले काही दिवस धरले, काही नाही.

मग मेडिकल बोर्ड, म्हणजे कमाईची ताकद किती गेली ते ठरवणारं डॉक्टरांचं मंडळ. कायद्याच्या परिशिष्टात कुठलं बोट कुठपर्यंत गेलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली याचा तक्ताच आहे, अंगठा पूर्ण गेला तर ३०, चारही बोटं गेली तर ५०, तर्जनीची दोन पेरं ११, मधल्या बोटाचं एक पेर ७. गणेशचे १८ टक्के झाले. म्हणजे ४५० चे १८ टक्के, रोजचे ८१ रुपये, महिन्याला साधारण २,४३०, आणि हे पेन्शनसारखं आयुष्यभर, पुढे दुसरीकडे नोकरी करत असला तरी. महागाईप्रमाणे अधूनमधून वाढही देतात. तो भडकला होता, "दोन बोटांचे १८ टक्के?" त्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर आकडा अजून कमी आला, तेव्हा वाटलं कोणीतरी फसवतंय. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, सिव्हिलवाले शरीराचं मोजतात आणि बोर्ड कमाईचं. बोर्डाच्या निर्णयावर मुदतीत अपील करता येतं, आम्ही तक्ता समोर ठेवून बघितलं, बोर्डाचा आकडा तक्त्याप्रमाणेच होता, त्याने अपील केलं नाही.

मधेच एक ओळखीचा माणूस त्याला सांगून गेला की वकील लाव, मालकाकडून साडेतीन लाख मिळतील. हा आकडा हवेतला नव्हता. ईएसआय लागू नसेल, म्हणजे पगार २१ हजाराच्या वर असेल किंवा कंपनीत दहापेक्षा कमी माणसं असतील, तर मालकाला नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि ते गणित असं की १५ हजाराच्या ६० टक्के गुणिले कायद्यात वयाप्रमाणे दिलेला आकडा, २६ वर्षांना तो २१५.२८ आहे, त्याचे १८ टक्के, होतात साधारण ३ लाख ४८ हजार. एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, वर दंडही लागू शकतो. अर्ज दोन वर्षांत करायचा, ठेकेदार गायब झाला तरी मूळ कंपनी सुटत नाही. पण ईएसआय असलेल्या माणसाला हा रस्ता बंद असतो, दोन्हीकडून घेता येत नाही. हे न सांगता फी घेणारे भेटतात, सांभाळा.

(ही केस जुन्या कायद्यांतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा ईएसआय कायदा आणि १९२३ चा भरपाई कायदा दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत, कलमांचे नंबर बदललेत म्हणून मी नंबर देत नाही, चौकट तीच आहे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही यात बसतो, ते विसरू नका.)

आता नोकरी. अपघाताच्या रजेचे पैसे चालू आहेत तोपर्यंत कामगाराला काढता येत नाही, हे कायद्यात आहे. त्यानंतर खाजगी कंपनीवर परत घ्यायची सक्ती जवळजवळ नाही, सरकारी नोकरीत अपंगत्व आलं तर काढता येत नाही, तसं इथे नाही. गणेशला ठेकेदाराने परत घेतलं नाही. पण ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं ते क्लेम टाकायच्या आधी. गप्प बसल्यामुळे नोकरी टिकली असं मी फार कमी पाहिलंय, टिकली तर वर्षभर, मग काहीतरी कारण काढून घरी. तेव्हा क्लेम केला तर नोकरी जाईल का, याला माझं उत्तर असं की जाऊ शकते, पण न करून ती वाचवताय असं समजू नका.

आणि पुनर्वसन हा या सगळ्यातला लंगडा भाग, मला याचा राग येतो. ईएसआयची व्यवसाय प्रशिक्षणाची सोय आहे पण ती ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आणि वय ४५ पर्यंत असेल तरच. प्रेसवर गेलेली एक-दोन बोटं त्यात बसतच नाहीत, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक तेच असतात. ज्यांचा हात किंवा पाय गेलाय त्यांनी मात्र नक्की विचारा, कृत्रिम अवयवही ईएसआयकडून मिळतात. दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रं आहेत, मुंबईत एक आहे.

गणेशला परत प्रेसवर जायचंच नव्हतं, प्रेसचा आवाज आला की घाम फुटायचा. आधी त्याला फक्त कंपनीच्या रस्त्यावरून चालत जायला लावलं, बायकोबरोबर, मग एकटं. दुसरीकडे संध्याकाळी एक्सेलचा क्लास लावला, माउस डाव्या हाताने. आता एका गोडाऊनला डिस्पॅचला आहे, स्कॅनर चालवतो, पगार आधीपेक्षा थोडा कमी. तिथेही लोक बोटांकडे बघतात, तो सांगतो प्रेसवर गेली म्हणून, दाराची गोष्ट सांगत नाही.

पेन्शन चालू आहे. मधे एकदा थांबली होती, कारण हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता, तो वेळच्या वेळी द्यावा लागतो, आणि बँक खातं बदललं तर शाखेत कळवावं लागतं. त्याने आता मोबाईलला रिमाइंडर लावलाय.