सोलापूरच्या मुलीनं समुद्राचं संगीत करावं का?

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ‘मुलगी अकरावी सायन्सला आहे. सहा वर्षं बासरी शिकते, ‘मध्यमा प्रथम’ ही संगीताची परीक्षा झाली. देवमाशांच्या आवाजावरून केलेली एक अमेरिकी रचना तिनं ऐकली आणि तेव्हापासून समुद्रातल्या जिवांवर, किनारा वाचवण्यावर संगीत करायचं म्हणते. समुद्र पाहिलाय एकदाच, गणपतीपुळ्याला. मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, माग दुरुस्त करतो. याला नाद म्हणायचं की करिअर?’

साहेब, तुमच्या वर्णनावरून ती रचना जॉर्ज क्रम यांची ‘व्हॉक्स बॅलेनी’ असावी. १९७१ सालची. बासरी, चेलो आणि पियानो अशी तीनच वाद्यं. सुरुवातीलाच बासरीवादक फुंकता फुंकता गळ्यातूनही गातो. तुमची मुलगी तिथेच अडकली असणार! हे क्रम जन्मले वेस्ट व्हर्जिनियात, डोंगराळ राज्यात. त्या राज्याला समुद्रकिनाराच नाही. देवमासा त्यांना भेटला तो ध्वनिमुद्रणातून. तेव्हा ‘सोलापुरात समुद्र कुठे?’ या काळजीनं तिला थांबवू नका.

अशा आवाजांचा उपयोगही झाला आहे. हंपबॅक देवमाशांच्या गाण्यांची रेकॉर्ड १९७० मध्ये निघाली, लाखो लोकांनी ऐकली आणि देवमाशांच्या शिकारीविरुद्ध जनमत उभं राहायला तिची मोठी मदत झाली. १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला. आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, संख्येनं फार थोडे. इतर हंपबॅकसारखे ते दरवर्षी ध्रुवाकडे जात नाहीत, इथेच राहतात. त्यांच्यावर मराठी मुलीनं काही रचावं, असं मला फार मनापासून वाटतं.

आता पोटापाण्याचं. नुसत्या रचनांवर घर चालेल, असं मी सांगणार नाही. सोबत ध्वनिमुद्रणाचं काम हातात हवं. माहितीपट, सिनेमा, संग्रहालयं, वन्यजीवांच्या आवाजांचा अभ्यास, सगळीकडे ते लागतं. म्हणून सायन्स सोडू देऊ नका. फिजिक्समधला ध्वनीचा धडा तिच्या कामाचा आहे. बारावीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची पदवी करता येईल. पदवीनंतर पुण्याच्याच एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण आणि साउंड डिझाइनचा कोर्स आहे. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट बघा. विशारदपर्यंतच्या परीक्षा चालू राहू द्या.

महागडा माइक आत्ता घेऊ नका. थंडीत पहाटे हिप्परगा तलावावर जा, जमलं तर एकदा उजनीच्या फुगवट्यावर. फ्लेमिंगोंचा थवा दिसायला इतका देखणा, पण त्यांचा कलकलाट बदकांसारखा घोगरा असतो. मोबाइलच्या माइकवर वारा आदळला की रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर येते. माइकवर फरच्या कापडाचा तुकडा लावा आणि वाऱ्याकडे पाठ करून बसा. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. पक्षी उडतील इतकं जवळ जायचं नाही. घरी ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरेल. मिळालेल्या आवाजांवर बासरीची तीन मिनिटांची रचना तिनं करावी. अशा पाच-सहा झाल्या की प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायला काहीतरी असेल.

किनाऱ्यावर न्यायचं तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला न्या. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तिथे समुद्राकडे सोडतात. गावकरी सांगतील तिथेच उभं राहायचं. टॉर्च लावायचा नाही, उजेडानं पिल्लं वाट चुकतात.

आणि एक. शेडमधल्या खडखडाटात एखादा माग बिघडला की तुमच्या कानाला आधी कळत असेल. हा कान तिच्याकडे तुमच्याकडूनच आला असावा. तलावावर तिच्यासोबत तुम्हीही बसा. घरी रेकॉर्डिंग लावाल तेव्हा तुम्हाला कुठले आवाज वेगळे ऐकू आले ते तिच्या वहीत लिहून द्या. पहिली रचना झाली की मला पाठवा, मी ऐकेन.