‘हिल हाउस’मधली एलेनॉर एवढ्या थापा मारते, तरी ती वाचकांना जवळची का वाटते?

मला तरी ती त्या थापांमुळेच जवळची वाटते. (पुढे शेवट फोडलाय. कादंबरी वाचायची असेल तर आधी वाचून या.)

शर्ली जॅक्सनच्या १९५९च्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ या कादंबरीत एलेनॉर ३२ वर्षांची आहे. आजारी आईचं ११ वर्षं केलं, आई गेली, आता बहिणीकडे बाळाच्या खोलीत खाटेवर झोपते. हिल हाउस या झपाटलेल्या म्हणवणाऱ्या घराचा अभ्यास करायला काही जणांना बोलावलेलं असतं, त्यांत तीही असते. तिकडे जाताना तिला एका घरासमोर दगडी सिंह दिसतात. पुढे हॉटेलात एक लहान मुलगी, चांदण्यांचा पेला (आत चांदण्या रंगवलेला) असेल तरच दूध पिईन, असा हट्ट धरून बसते. नंतर तिथे आलेल्या थिओडोराला एलेनॉर काय सांगते? माझी स्वतःची जागा आहे, तिथे छोटे दगडी सिंह आहेत, पांढरी मांजर आहे. चांदण्यांचा पेलासुद्धा आपलाच होता म्हणते. यात कुणाला फसवायचा डाव नाही. वाटेत जे दिसलं त्यातून ती बिचारी मनातल्या मनात घर मांडत आली आहे. खरं तर तिची सगळी मालमत्ता गाडीतल्या एका खोक्यात मावते.

आणि ती गाडीही अर्धीच तिची! बहीण-मेहुणे देत नाहीत, म्हणून न विचारता घेऊन निघते. हे आम्हा गोंयकारांना समजावून सांगावं लागत नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने इथे मुलगा-मुलगी सगळ्यांना वाटा. आमचं फोंड्याकडचं घर चिऱ्याचं, मधे राजांगण, आणि ‘वन-फोर्टीन’वर (जमिनीच्या उताऱ्यावर) नावांची ही रांग. एक वाटेकरी सही देत नाही, दुसरा लिस्बनला. अशा कुलूपबंद घरांना लोक झपाटलेली म्हणतात, पण आत बहुधा भूत नसतं, वाटण्या अडलेल्या असतात. मात्र एलेनॉरचं नाव कुठल्याच घराच्या कागदावर नाही, आणि एक दिवस हिल हाउसच्या भिंतीवर ते खडूने लिहिलेलं सापडतं: एलेनॉर, घरी ये. ती घाबरते, माझंच नाव का म्हणून चिडते. पण एवढ्या आग्रहाने तिला घरी कुणी बोलावलं होतं?

मला सगळ्यात लागलेली जागा वेगळीच. माझी आई शेवटी शेवटी पलंगाच्या पट्टीवर बांगडी आपटायची. पाणी हवं असलं तर एकदा, कूस बदलायची असली तर सारखी. अजूनही कुठे बांगडी वाजली की मी दचकून उठते. एलेनॉरची आई भिंत ठोकायची. हिल हाउसमधे रात्री ठोके सुरू होतात तेव्हा एलेनॉर झोपेतच ‘आले आई, आले’ म्हणत दिवा चाचपडते. पुढे ती सांगते की आई गेली त्या रात्री आपल्याला जाग आलीच नाही. की जाग येऊन आपण पुन्हा झोपलो, हे तिचं तिलाही ठरवता येत नाही. आजारी माणसाचं रात्री-अपरात्री केलेल्या कुणालाही हे वाचून घाम फुटेल.

म्हणून शेवटी बाकीचे तिला ‘घरी जा’ म्हणून बळेच गाडीत बसवतात, तेव्हा मला राग त्यांचाच येतो. तिला जागा नाही हे तोवर तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असतं, तरी पाठवतात. ती गाडी झाडावर घालते, आणि अगदी शेवटच्या क्षणी तिच्या मनात येतं, हे मला अडवत का नाहीत?

सिनेमा बघायचा तर १९६३चा कृष्णधवल बघा. २०१८ची मालिकाही चांगली आहे, पण तिथली नेल (म्हणजे एलेनॉरच) भावंडांच्या गोतावळ्यातली. ती ही एलेनॉर नव्हे.