इंजेक्शन तिचं, आठवण मात्र आईची

न्यू जर्सीहून एका आईने लिहिलं आहे: "लेक 15 वर्षांची आहे. 11 व्या वर्षी तिला जुव्हेनाइल आर्थ्रायटिस, म्हणजे लहान मुलांना होणारा संधिवात, असल्याचं कळलं. दर रविवारी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन मीच देते. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे पुण्याला जावं लागलं, म्हणून कसं घ्यायचं ते तिला नीट दाखवून गेले. परत आले तर तिन्ही इंजेक्शनं खोक्यात तशीच. विचारलं तर दार आपटून खोलीत गेली. हिला स्वतःची काळजी कधी कळणार?"

ताई, आधी इंजेक्शनांचं बघू. राहिलेले डोस भरून काढायला दोन एकदम देऊ नका. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. र्‍हुमॅटॉलॉजीच्या, म्हणजे संधिवाताच्या दवाखान्यातल्या, नर्सला फोन करून काय झालं ते सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू द्या लेकीला.

मग तिला विचारा, आणि "का घेतलं नाहीस?" असं नको. "घेतल्यावर कसं वाटतं गं?" असं विचारा. मेथोट्रेक्सेटने मळमळतं. काही मुलांना ते पिवळं औषध नुसतं दिसलं तरी उमासे येतात. हे नखरे नाहीत, डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा त्रास आहे. रविवारी इंजेक्शन म्हणजे सोमवारी शाळेत पोट ढवळतंय. डॉक्टरांना विचारून वार शुक्रवार करता येतो, फॉलिक अ‍ॅसिड आणि उलटीवरचं औषध देता येतं, फारच झालं तर औषधही बदलता येतं. पण तिने सांगितलं तरच! दुसरं कारण याहून साधं असू शकतं. गुडघे दुखत नव्हते, म्हणून तिला गरज वाटली नाही. ते औषधामुळेच दुखत नव्हते, हे तिला कोणी ओरडून नव्हे, सांध्याचं चित्र काढून समजावलं पाहिजे. हे काम डॉक्टर आपल्यापेक्षा चांगलं करतात.

चार वर्षं तुम्ही सगळं सांभाळलंत आणि एका विमानप्रवासात तिच्या हाती दिलंत. इतकं एकदम कोणालाच पेलत नाही. पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टर विचारतील, "सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात?" तेव्हा तुम्ही गप्प बसायचं. ती चाचरेल, चुकीचंही सांगेल. थांबा. आणि थोडा वेळ तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या. दाराबाहेर बसणं आपल्याला टोचतं, मला कल्पना आहे. पण या औषधावर असताना दारू प्यायल्यास यकृतावर ताण येतो, गर्भ राहिला तर बाळाला गंभीर धोका असतो. हे तिला कळायलाच हवं, आणि आपल्या घरांमध्ये हा विषय निघतच नाही. एरवीही 18 वर्षं पूर्ण झाली की तिच्या परवानगीशिवाय दवाखाना तुम्हाला काही सांगणार नाही. विमा तुमच्या पॉलिसीवर 26 पर्यंत चालू शकतो, माहितीचा हक्क मात्र तिचा. तुमच्या हातात तीन वर्षं आहेत.

डोळ्यांच्या तपासणीची तारीख आजच तिच्या फोनमध्ये टाकायला सांगा. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. अनेकदा डोळा लालही होत नाही, दुखतही नाही, आणि नजर मात्र जाऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्प नावाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ती सूज कळत नाही.

शाळेत 504 प्लॅन, म्हणजे आजारी मुलांना मिळणाऱ्या सवलतींचा लेखी कागद, असेलच. नसेल तर मागा: परीक्षेला जास्त वेळ, लिहायला लॅपटॉप, लिफ्टची परवानगी. यंदाच्या बैठकीत तिलाही बसवा, कारण कॉलेजात हा कागद आपोआप जात नाही. तिथे तिलाच अर्ज करावा लागतो.

आता डिसेंबरची भारतवारी. औषधं हँडबॅगेत, सोबत डॉक्टरांचं पत्र. तिथे कोणीतरी म्हणणारच, "एवढ्याशा पोरीला संधिवात?" आणि कोणीतरी चूर्णाची पुडी पुढे करेल. ते प्रेमापोटीच असतं. पण सांधेदुखीच्या काही चूर्णांत स्टेरॉइड आणि शिसं सापडलेलं आहे, तेव्हा पुडी नम्रपणे परत. मला खरी काळजी आहे ती वेगळीच. या मुलींना आपला आजार इंग्रजीत व्यवस्थित सांगता येतो, आजीसमोर मात्र शब्दच नसतात. मग आईच बोलते आणि ती खाली मान घालून ऐकते. तिला एवढं मराठी देऊन ठेवा: "आजी, हा म्हातारपणाचा संधिवात नाही. माझं शरीर चुकून माझ्याच सांध्यांशी भांडतं. औषध घेतलं की ते शांत राहतं." विमानात बसण्याआधी दोनचारदा म्हणवून घ्या. 'सांध्यांशी' हा शब्द तिकडे वाढलेल्या जिभेला जरा जड जातो.