ज्येष्ठ ग्राहकांसाठी बँकेचं ॲप बनवताना सगळ्यात आधी काय बघावं?

वेळ. अक्षरं मोठी हवीतच, अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्टही निदान ४.५:१ हवा, पण खरी अडचण येते ती ओटीपीच्या स्क्रीनवर. चष्मा शोधायचा, मेसेज उघडायचा, ६ आकडे लक्षात ठेवून परत यायचं, आणि तोवर सेशन संपलेलं, भरलेलं सगळं पुसलेलं. वर माणूस स्वतःलाच दोष देतो, हे मला फार लागतं. वेळ संपण्याआधी विचारा, एका बटणावर वाढवून द्या, भरलेली माहिती जपून ठेवा.

वयामुळे बोटांचे ठसे पुसट होतात, तेव्हा पिनचा पर्याय हवाच. नव्या खात्यावर मोठी रक्कम जाताना थोडा वेळ अडवून ठेवा. बऱ्याच फसवणुकी तिथे थांबवता येतात. आणि मुलांना पासवर्ड सांगावा लागू नये म्हणून त्यांना फक्त व्यवहार बघण्यापुरता वेगळा लॉगिन द्या.