वाचकांचे प्रश्न : खटका नसलेला चाकू

प्रश्न : इंदूरच्या जुन्या बाजारात तीन पात्यांचा घडीचा अमेरिकन चाकू मिळाला. पात्याच्या बुडाशी 'केस एक्सएक्स यू.एस.ए.', खाली सात ठिपके. दुसऱ्या बाजूला 6318. उघडलेलं पातं कुठे अडकतच नाही. खटका तुटलाय का? चाकू किती जुना? जोडही फार घट्ट झालाय.

उत्तर : तुटलेला नाही, मुळात नव्हताच. रामपुरीची सवय असली की चुकल्यासारखं वाटतं. या प्रकाराला स्लिपजॉइंट म्हणतात. मुठीच्या पाठीत पोलादाची ताठ पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर सतत दाबून बसते. पातं पुरतं उघडलं की बुडाची सपाट बाजू पट्टीखाली येते आणि पातं धरलं जातं, एवढंच. म्हणून टोकाने भोक पाडायला जोर लावू नका. पातं बोटांवर मिटतं.

सात ठिपके म्हणजे 1973. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या 'केस' या कारखान्याने 1970 साली दहा ठिपके ठेवले आणि दरवर्षी एकेक कमी केला. (1980 ला पुन्हा दहा आले, पण तेव्हा नावातला एस विजेच्या रेघेसारखा आहे.) 6318 मधला 6 मुठीचा, म्हणजे खाचा कोरलेल्या हाडासाठीचा, 3 पात्यांची संख्या, 18 घाटाचा क्रमांक.

हा घाट गुराख्यांचा, नाव स्टॉकमन. टोकदार लांब पातं सगळ्या कामांचं. सरळ धारेचं, पाठ पुढे उतरलेलं पातं नेमक्या सरळ कापासाठी. तिसरं बोथट टोकाचं, जनावर खच्ची करताना टोक भलतीकडे घुसू नये म्हणून. मुठीच्या टोकांच्या टोप्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात. त्यात चांदी नाही, तांबं, निकेल आणि जस्त आहे.

घट्टपणा बहुतेक वेळा जुन्या चिकट तेलाचा. पाती अर्धी उघडून कोमट साबणपाण्यात दातांच्या ब्रशने सांधे घासा. उकळतं पाणी नको, हाड तडकतं. पूर्ण वाळवून प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका आणि वीस-तीस वेळा उघडझाप करा. खोबरेल नको : 24 अंशांखाली ते गोठतं, इंदूरच्या थंडीत चाकू पुन्हा अडेल. पात्यावरचा निळसर करडा रंग पॉलिश पेपरने काढू नका. त्याबरोबर ठिपकेही जातील. मिटताना पातं सोडून देऊ नका, धार आतल्या पट्टीवर आपटून बोथटते.

प्रश्न : मग खटक्याचा नामांकित अमेरिकन चाकू कोणता?

उत्तर : बक कंपनीचा 110, साल 1964. पातं पावणेचार इंच, टोप्या पितळेच्या, त्यामुळे वजन 200 ग्रॅमच्या आसपास. खिशापेक्षा कमरेच्या म्यानातच बरा. पाठीतली पट्टी मधल्या खिळीवर झुलते, तिचा पुढचा दात पात्याच्या खाचेत पडतो, मागून दाबलं की सुटतो. खाचेत कचरा साठला की दात अर्धाच बसतो आणि खटका लागल्यासारखा वाटतो, लागलेला नसतो. टूथपिकने खाच साफ करा.