अ‍ॅस्पेन या पॉप्लर जातीच्या झाडाच्या लाकडातून कोणती रसायनं निघतात? सॅलिसिन (अ‍ॅस्पिरिनशी नातं असलेलं वेदनाशामक रसायन) त्यातच असतं का?

सॅलिसिन हवं असेल तर साल आणि पानं बघा, लाकडाच्या मागे लागू नका. सालीत त्याच्या जोडीला पॉप्युलिन आणि ट्रेम्युलॅसिन ही त्याच कुळातली रसायनंही मिळतात.

लाकडाचा भुसा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून काढलं तर जे विरघळून येतं ते बरंचसं तेलकट असतं: ट्रायग्लिसराइड (म्हणजे साधं तेल-चरबी), लिनोलेइकसारखी मेदाम्लं, मेण, स्टेरॉलचे (वनस्पतींतल्या मेणासारख्या पदार्थांचे) एस्टर, आणि बीटा-सिटोस्टेरॉल हा त्यातलाच एक स्टेरॉल. लाकडाच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम काही टक्के, पण कागद गिरण्यांना छळतात तीच. लगद्यातून सुटलेला चिकटा यंत्रांवर बसतो, कागदावर डाग पाडतो. म्हणून ओंडके काही काळ साठवून ठेवतात. तेवढ्यात ट्रायग्लिसराइड फुटून मेदाम्लं होतात आणि त्रास कमी होतो. (फार ठेवले तर बुरशी लाकूडच खाते, ते वेगळं.)