नव्या बॅचसमोर उभी राहण्याआधी

सोमवारपासून ऐरोलीची टॅलीची, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, बॅच तुझ्याकडे येतेय, म्हणून आधीच सांगते. नवी माहिती सगळे सारखी घेत नाहीत, आणि त्याचा हुशारीशी फारसा संबंध नसतो.

काहींना विचार करण्यातच आनंद मिळतो. कॅसिओपो आणि पेटी या मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये हा स्वभाव मोजायची प्रश्नावलीच काढली. अशी माणसं "ही नोंद इथेच का?" विचारणारच. टाळू नकोस, कारण सांग. काहींना मात्र अधांतरी राहणं सोसत नाही; एक उत्तर मिळालं की पुढचं ऐकून घेत नाहीत. त्यांना नियमासोबतच अपवादही सांगून टाक.

सगळ्यात जपायचं ते धास्तावलेल्यांना. काळजीतच लक्ष अडकलं की नवं डोक्यात शिरायला जागा उरत नाही. वाशी-ठाण्याहून ऑफिस आटोपून धावत आलेली एखादी ताई माउस घट्ट धरून मान डोलावत असते, पण स्क्रीनवर मघाचंच पान असतं. तिला सगळ्यांदेखत "कळलं का?" विचारू नकोस. शेजारी जाऊन हळूच म्हण, "ताई, एक एंट्री करून दाखवता?" खरं काय ते लगेच कळेल.

'हा बघून शिकतो, ती ऐकून शिकते' असे शिक्के मात्र मारू नकोस, हे मी अगदी कळकळीनं सांगते. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये त्यावरचं संशोधन तपासलं, तर तसं शिकवण्याला पुरेसा आधार मिळाला नाही. पहिल्या दिवशी कोण मध्येच विचारतं, कोण गप्प बसतं, एवढं टिपून ठेव.